लोकरीखालची डबी

ओप्ताताला संशय घ्यायला कधी कारण लागलं नाही. भट्टीतून दिवे काढताना एखादा तडकलेला निघाला, तर ती आधी शेजारणीच्या नजरेला दोष द्यायची आणि मग मातीला. कोळसेवाला हसून बोलला की हिच्या मनात यायचं, आज मेल्याने वजनात मारलं. नवरा बोंकार हयात होता तेव्हा म्हणायचा, "देवी केलेस्तिस स्वतः दारात उभी राहिली तरी आमची ही आधी तिचे पाय चाचपून बघेल, खरे आहेत की मातीचे." बोंकार गेला, दिव्यांची भट्टी मुलाच्या, हन्नोच्या हातात आली, आणि ओप्ताताचा सगळा वेळ सुनेवर नजर ठेवायला मोकळा झाला.

सून सिद्दिना कामाला वाघ आणि बोलायला कंजूष. साच्यातून निघालेल्या कच्च्या दिव्याच्या कडा ती इतक्या सफाईने घासायची की हन्नो ते दिवे मुद्दाम पुढे मांडायचा. आमच्या हद्रुमेतुम गावाच्या बंदरावरचे खलाशीसुद्धा ते उचलून बघायचे. स्वयंपाकात मीठ कमी नाही, घरात केर नाही, सासूला उलट शब्द नाही. आणि नेमकं हेच ओप्ताताला खुपायचं. ज्या सुनेत खोट दिसत नाही तिने ती कुठेतरी लपवून ठेवली असणार, हा तिचा सरळ हिशोब. शिवाय लग्नाला इतकी वर्षं होऊन घरात पाळणा हलला नव्हता. ते दुःख मात्र खरं होतं. गल्लीतलं एखादं पोर रांगत दारात आलं की ओप्ताता त्याला उचलून घ्यायची आणि त्याची आई न्यायला आली की कुरकुरत परत द्यायची.

तर एका सकाळी, अजून नीट उजाडलंही नव्हतं, ती अंथरुणात पडल्या पडल्या एक डोळा किलकिला करून बघत होती. सिद्दिना उठली, तोंड धुतलं, पण पाण्याचा घोट घेतला नाही. कोपऱ्यातल्या लोकरीच्या टोपलीत हात घालून तिने तळाची एक लहानशी लाकडी डबी काढली. डबीतून काहीतरी चिमटीत धरून तोंडात टाकलं, डोळे मिटून जरा वेळ तशीच उभी राहिली, आणि डबी पुन्हा लोकरीखाली सरकवली. मग पाणी प्यायली. मग चूल पेटवली.

दुसऱ्या दिवशीही तेच. तिसऱ्या दिवशीही. ओप्ताताच्या मनात शंकेची पाल जी चुकचुकली ती गप्प बसेना.

तिने भिंतीपलीकडच्या गुदुल्लाला गाठलं. गुदुल्ला माशांचं आंबवण आणि शिंपल्या विकायची. तिच्या अंगाला तो वास कायमचा बसला होता, आणि गावातली कुठलीही बातमी तिच्या टोपलीतून गेल्याशिवाय पुढे सरकत नसे.

"औषध आहे ते," गुदुल्ला ठामपणे म्हणाली.

"कसलं औषध? धडधाकट आहे ती."

"अगं बाई, धडधाकट राहायचंच औषध! मूल होऊ नये म्हणून खातात. बड्या घरच्या बायका सर्रास खातात, अंग सुटायला नको म्हणून. तू भोळीच राहिलीस, ओप्ताते."

ओप्ताताला आयुष्यात पहिल्यांदाच कोणी भोळी म्हणालं होतं. ते तिच्या जिव्हारी लागलं.

त्या दिवसापासून तिने डोळ्यांत तेल घातलं. आणि खरं सांगायचं तर बघण्यासारखं बरंच निघालं. जेवणाआधी चुलीजवळच्या देवांसाठी चिमूटभर पीठ आणि मीठ आगीत टाकायचं, हे आमच्याकडे लेकरालाही सांगावं लागत नाही. सिद्दिना चिमूट घ्यायची, हात चुलीकडे न्यायची आणि चिमूट गुपचूप पुन्हा पिठाच्या भांड्यात जायची. सूर्याच्या वारी ती तांबडं फुटायच्या आत बाहेर पडायची. म्हणे सबिनाकडे लोकर पिंजायला जाते. सबिना म्हणजे विहिरीपलीकडची विधवा. पण पिंजलेली लोकर काही कोणी पाहिली नव्हती. आणि सणाच्या दिवशी ओप्ताताने रक्त भरून शिजवलेली आतडी केली, तर सून म्हणाली, "माझं पोट बरं नाही."

"मागच्या सणालाही पोटच बरं नव्हतं ना गं तुझं?"

"हो, आत्याबाई."

"मग रोज ऑलिव्ह नि चीज कसं पचतं त्या पोटाला?"

सिद्दिना खाली बघून हसली आणि भांडी घासायला लागली. ओप्ताताला त्या हसण्यात शंभर गोष्टी दिसल्या.

वर गुदुल्लाने आणखी एक बातमी आणून दिली. "बंदरावर एकजण उतरला. कार्थेजकडचा वाटला. तुझ्या सुनेने त्याचा मुका घेतला. भर रस्त्यात!"

"काय बोलतेस?"

"या डोळ्यांनी पाहिलं. मी म्हटलं, कोण गं हा? तर म्हणते, भाऊ."

"तिला भाऊच नाहीये!"

"तेच तर सांगतेय मी," गुदुल्ला म्हणाली आणि समाधानाने शिंपल्यांवर पाणी मारायला लागली.

ओप्ताताने हन्नोला गाठून सगळं सांगितलं. त्याने हातातला साचासुद्धा खाली ठेवला नाही. "आई, मी लहान असताना तू मला पंतोजींकडे घातलंस आणि आठवड्याच्या आत घरी आणलंस. का? तर तो चोरासारखा चालतो म्हणून. पाय अधू होता बिचाऱ्याचा."

"मग? पुढे पकडला गेला की नाही?"

"नाही, आई. पुढे मेला. चांगला माणूस होता." हन्नो पुन्हा साच्यात माती दाबायला लागला. "सिद्दिनाला छळू नकोस. घरात एवढी एकच शांत गोष्ट आहे."

हे वाक्य ओप्ताताने मनात बांधून ठेवलं. मुलगा हातचा गेला, आता घर वाचवायचं तर आपल्यालाच वाचवायला हवं, असं तिने ठरवून टाकलं.

आणि तेवढ्यात हन्नो आजारी पडला.

संध्याकाळी चांगला जेवला आणि रात्रीपासून जे पोट धरलं ते सोडीचना. उलट्या, थंड घाम, ओठ पांढरे. सिद्दिना त्याच्या उशाशीच बसून राहिली. कपाळ पुसत होती, सातूच्या पेजेचा एकेक चमचा भरवत होती. मध्येच त्याच्या कपाळावर अंगठ्याने काहीतरी ओढायची आणि ओठ हलवायची. ओप्ताता दाराआडून बघत होती. आधी ती चिडली होती, आता घाबरली. आपला एकुलता एक मुलगा आपल्या डोळ्यांदेखत मरतोय, ही भीती एकदा आत शिरली की दुसरं काही सुचत नाही.

"विष," भिंतीपलीकडून गुदुल्ला म्हणाली. "दुसरं काय? त्या बंदरावरच्या यारासाठी नवऱ्याची अडचण होत असेल."

"गुदुल्ले, अगं, शिंपल्या खाल्ल्या होत्या त्याने."

"माझ्या शिंपल्या?" गुदुल्लाचा आवाज एकदम चढला. "सकाळी समुद्रातून काढलेल्या! अख्ख्या गल्लीने नेल्या, कोणाला काही झालं? माझ्या धंद्यावर माती नको टाकूस, ओप्ताते. विष ते विषच. आधी डबी बघ, मग माझ्या शिंपल्यांबद्दल बोल."

गल्लीने त्या दिवशी शिंपल्या नेल्या होत्या की नाही, हे ओप्ताताने विचारायला हवं होतं. जन्मभर सगळ्यांवर संशय घेणाऱ्या बाईने नेमका तिथे घेतला नाही. तिचा सगळा संशय लोकरीच्या टोपलीत जाऊन बसला होता.

हन्नोला जरा उतार पडला. तो आत पडून होता, डोळे उघडून आढ्याकडे बघत. सिद्दिना घागर घेऊन चौकातल्या हौदावर गेली आणि ओप्ताताने टोपली पालथी केली. लोकर सगळीकडे उडाली. डबी हातात आली. आत स्वच्छ पांढऱ्या फडक्याची घडी, आणि घडीत भाकरीचे तुकडे. वाळलेले, नखाएवढे. एवढंच.

तिने वास घेतला. भाकरीचाच. तिला जवळजवळ वाईट वाटलं. पण भाकर कोण लपवतं? घरात टोपलीभर भाकरी असताना डबीत घालून, फडक्यात गुंडाळून, लोकरीखाली?

"पावडर मळतात पिठात," भिंतीवर हनुवटी टेकून गुदुल्ला म्हणाली. ती केव्हाची तिथे उभी होती. "कोंबडीला टाक. आत्ता कळेल."

ओप्ताताने एक तुकडा अंगणात टाकला. करडी कोंबडी मान वाकडी करून आली, तुकड्याकडे एका डोळ्याने बघितलं आणि चोच मारली.

नेमकी तेव्हाच सिद्दिना फाटकातून आत आली. तिने ते पाहिलं. डोक्यावरची घागर पडली, फुटली, पाणी सगळीकडे झालं. पण तिचं तिकडे लक्षच नव्हतं. ती गुडघ्यांवर पडली, कोंबडीच्या चोचीतून तुकडा ओढून काढला आणि मातीसकट तोंडात टाकला. मग चिखलात बोटं फिरवून कण शोधायला लागली. कानातला मोती हरवल्यावर बायका शोधतात तशी, रडत.

"बघितलंस?" गुदुल्ला किंचाळली. "विष नसतं तर कोंबडीची एवढी दया कशाला आली असती तिला?"

"पण मग स्वतः का खाल्लं तिने?"

"सवय असते त्यांना! रोज थोडं थोडं खाऊन अंगात मुरवतात!"

ओप्ताता सुनेसमोर जाऊन उभी राहिली. हातात डबी होती. तिने मनाशी एक गोष्ट ठरवली, आणि ती ठरवताना तिला स्वतःचंच नवल वाटलं.

"सिद्दिने, ऊठ. हे विष नाही ना?"

"नाही, आत्याबाई."

"मग मी खाते. तुझ्यासमोर. खाऊन बघते, म्हणजे या बयेचं तोंड बंद होईल आणि माझंही. सगळं इथेच मिटेल." तिने एक तुकडा उचलला.

सिद्दिनाने तिचं मनगट धरलं. इतक्या वर्षांत तिने सासूला कधी असा हात लावला नव्हता.

"नका, आत्याबाई. पाया पडते. तुम्हाला नाही खाता येत."

"का? कोंबडीला नाही, मला नाही. तुला तेवढं चालतं?"

"हो."

"मला दे," मागून आवाज आला. हन्नो दाराची चौकट धरून उभा होता. "सिद्दिना, मला दे एक. मी तुझा नवरा आहे."

सिद्दिनाने त्याच्याकडे बघितलं. तिचा चेहरा असा झाला की बघवेना. "तुम्हालाही नाही देता येत," ती म्हणाली. मग सासूच्या हातातली डबी हळूच काढून घेतली, तिने उचललेला तुकडा घेतला, आणि सगळे तुकडे एकामागून एक तोंडात घातले. फडकं झटकलं नाही. ते जिभेने पुसलं.

"पुरावा गिळला!" गुदुल्ला भिंतीवरून दिसेनाशी झाली. तिच्या चपला चौकीच्या दिशेने वाजत गेल्या.

हन्नो उंबऱ्यावर बसला. त्याला उभं राहवत नव्हतं. "आता तरी सांग," तो म्हणाला. "माझ्याशी तरी खरं बोल."

सिद्दिनाने सांगितलं. फार नाही बोलली, तिला बोलायची सवयच नव्हती. ती भाकर सबिनाच्या घरच्या मेजावरची. सूर्याच्या वारी सगळे जमतात, देवाचे आभार मानून भाकर मोडतात, आणि आठवडाभर पुरेल एवढी प्रत्येकजण घरी नेतो. सकाळी पहिला घास तोच. ज्यांचं पाण्यातलं स्नान झालंय त्यांनीच खायची. परक्याच्या तोंडी जाऊ द्यायची नाही. उंदराच्या तोंडी नाही, कोंबडीच्याही नाही. एक कण जमिनीवर सांडला तरी आपल्यावर दोष. रक्ताचं काही खायचं नाही, आणि त्यांच्यातला जो भेटेल तो भाऊ.

"कुठल्या देवाची?" ओप्ताताने विचारलं. पण विचारता विचारताच तिला कळलं होतं. सूर्याच्या वारची पहाट, रक्ताची आतडी, आगीत न पडलेली चिमूट, बंदरावरचा भाऊ. सगळं एका दोरीत ओवलं गेलं, आणि ही दोरी तिने ओवलेल्या दोरीपेक्षा कितीतरी भयंकर होती.

"ख्रिस्ताची माणसं," ती पुटपुटली. "अगं, लोक म्हणतात तुम्ही मुलं खाता."

सिद्दिना जमिनीकडे बघत राहिली. "आत्याबाई," ती म्हणाली, "मी रोज सकाळी तो तुकडा खाऊन मूल मागते."

ओप्ताताने तिच्या चेहऱ्याकडे निरखून बघितलं. सवयीने, खोट शोधायला. डोळे बघितले, ओठ बघितले, हात बघितले. चिखलाने भरलेली बोटं, त्यात एक नख मोडलेलं. सापडलं काहीच नाही. आणि सापडलं नाही म्हणून, का कोण जाणे, तिला हुंदका आला.

रडायला वेळ नव्हता. गल्लीत चपला आणि खिळ्यांचे जोडे वाजत होते.

"हे बघ," ओप्ताताने डोळे पुसले आणि सुनेच्या खांद्याला धरून तिला हलवलं. "तू बोलायचं नाहीस. एक अक्षर नाही. तशीही तू बोलत नाहीसच. मी सांगते काय सांगायचं ते."

चौकीवरचा विबियुस आत आला. म्हातारा शिपाई, एक गुडघा कामातून गेलेला, पोट पुढे. ओप्ताताकडूनच चौकीचे दिवे जायचे, त्यामुळे ओळख होती. मागे गुदुल्ला, तिच्या मागे गल्लीतल्या चार बायका.

"काय भानगड आहे, ओप्ताताबाई? विष काय, कोंबडी काय?"

"विष?" ओप्ताता इतक्या जोरात हसली की कोंबडी पळाली. "विबियुसदादा, या बाईच्या सडक्या शिंपल्यांनी माझा मुलगा मरायला टेकला, आणि आता ती विष शोधत फिरतेय. घोटभर काही घ्या, बसा. सांगते. लाज वाटते सांगायला, पण सांगते. आमच्या सुनेला मूल नाही. म्हणून तिने देवीला नवस केला. केलेस्तिसच्या देवळातून भाकर आणायची, रोज सकाळी अनशापोटी एकेक तुकडा खायचा, आणि दुसऱ्या कोणाला तोंड लावू द्यायचं नाही. लावलं की नवस फुकट गेला. मी म्हातारी मूर्ख, मला ठाऊक नव्हतं. मी टाकला कोंबडीला! मग रडेल नाहीतर काय करेल बिचारी?"

विबियुसने सिद्दिनाच्या चिखलाने भरलेल्या हातांकडे बघितलं, मग उंबऱ्यावर बसलेल्या हन्नोकडे. हन्नोने मान हलवली. विबियुस खो खो हसला.

"सासू-सुनेच्या भांडणात मला का आणलंस गं?" तो गुदुल्लाला म्हणाला. "माझ्या बायकोने तर नवसापायी वर्षभर कांदा खाल्ला नव्हता. सगळं घर सुखी होतं." चार बायकाही हसल्या. एक तर निघालीसुद्धा.

ओप्ताताचा जीव भांड्यात पडला. आयुष्यात इतकं सुंदर खोटं ती कधी बोलली नव्हती.

पण गुदुल्ला हसत नव्हती. आता शिंपल्यांवर आलं होतं, आणि ती पाठ दाखवणारी नव्हती. "कोणाची सासू कधीपासून सुनेची बाजू घ्यायला लागली?" ती म्हणाली. "परवापर्यंत हीच मला सांगत होती. सून आगीत चिमूट टाकत नाही. सूर्याच्या वारी सबिनाकडे जाते. म्हणे लोकर पिंजायला! हिनेच सांगितलं मला, विबियुसदादा, विचारा! आणि आता म्हणे नवस. नवसच असेल तर सुनेला देवीची शपथ घेऊ दे. देवीची नको, तर सम्राटाच्या दैवाची. एवढीशी शपथ, त्यात काय जातंय?"

"हां, ते बरं," विबियुस म्हणाला. त्याला जेवायला जायचं होतं. "घे बाई शपथ आणि मला मोकळं कर."

ओप्ताता सुनेच्या शेजारी सरकली. तिचा हात घट्ट दाबला. "घे गं," ओठ न हलवता ती कुजबुजली. "नुसते शब्द असतात. मी दिव्यांच्या भावासाठी हजार खोट्या शपथा घेतल्यात, काही झालं नाही मला. घे, माझी बाई. तुझ्याकडे कधी काही मागितलं नाही मी."

मागितलं होतं, रोज काहीतरी मागितलं होतं. पण असं नाही.

सिद्दिनाने सासूचा हात दाबला आणि मग सोडला. "मी मूल मागते, हे खरं आहे," ती विबियुसला म्हणाली. "पण देवीकडे नाही. आणि शपथ मी घेत नाही."

विबियुसच्या चेहऱ्यावरचं हसू हळूहळू गेलं. तीस वर्षं चौकीवर काढलेला माणूस. शपथ नाही म्हणणारे कोण असतात, ते त्याला सांगावं लागणार नव्हतं. तो एक पाऊल पुढे आला आणि आवाज खाली आणून म्हणाला, "पोरी, मला कानाने जरा कमी ऐकू येतं. आत्ता तू काय म्हणालीस ते मी ऐकलं नाही. पुन्हा सांग. नीट विचार करून सांग."

गुदुल्ला एक पाऊल मागे सरली. तिला सुनेला घालवायचं होतं, मारायचं नव्हतं. आता तिलाही कळलं असावं की गोष्ट शिंपल्यांच्या फार पलीकडे गेली.

"मी ख्रिस्ताची आहे," सिद्दिना म्हणाली. मोठ्याने नाही, पण कमी ऐकणाऱ्यालाही ऐकू जाईल असं.

नंतरचं सगळं फार सावकाश झालं आणि तरी कोणाला थांबवता आलं नाही. विबियुसने तिला बांधलं नाही. नुसता तिच्या शेजारी चालायला लागला. कार्थेजला न्यावं लागेल, मोठ्या साहेबांसमोर उभं करावं लागेल, असं म्हणाला. "तिथे सम्राटाच्या मूर्तीपुढे चिमूटभर धूप टाकला की सोडतात, ओप्ताताबाई," तो जाता जाता म्हणाला, "पुष्कळजण टाकतात." वाटेत सबिनाच्या घराशीही थांबावं लागणार होतं. तेही नाव अंगणात सगळ्यांसमोर निघालं होतं, आणि कोणाच्या तोंडून पहिल्यांदा निघालं ते सगळ्यांना ठाऊक होतं.

फाटकाशी सिद्दिना वळली. "आत्याबाई, पेज चुलीवर आहे. लागेल. उतरवा."

हन्नो उठून तिच्या मागे गेला आणि गल्लीच्या तोंडाशी पडला. दोन बायकांनी धरून त्याला परत आणलं आणि अंथरुणावर निजवलं. एकही बाई ओप्ताताशी बोलली नाही. गुदुल्लाने आपल्या बाजूचं दार लावून घेतलं.

चिमूटभर धूप, ओप्ताता स्वतःशी म्हणत राहिली, एवढीशी चिमूट. पण चिमूट हातात घेऊन पुन्हा पिठात टाकणारी सून तिने रोज बघितली होती, कोणी बघत नाही असं वाटत असतानाही. लोकांसमोर ती काय करेल, याबद्दल ओप्ताताला तिळमात्र शंका नव्हती. जन्मात पहिल्यांदा एका माणसावर तिचा पूर्ण विश्वास बसला होता, आणि तो विश्वासच तिला जाळत होता.

तिने पेज उतरवली. थोडी खालून लागली होती. वरची वाटीत काढली, मीठ घातलं, आणि हन्नोच्या उशाशी जाऊन बसली.

"घे रे बाळा. अंगात ताकद नको का? उद्या कार्थेजला जायचंय आपल्याला. मी त्या साहेबाच्या पायांवर लोळण घेईन. घे."

हन्नोने वाटीकडे बघितलं. मग आईकडे. बराच वेळ.

"शिंपल्या कोणी आणल्या होत्या, आई?"

"मी. तुला आवडतात म्हणून."

"शिजवल्या कोणी?"

"मीच, अरे. असं काय विचारतोस?"

"तू खाल्ल्या नाहीस. तिलाही दिल्या नाहीस. सगळ्या मलाच वाढल्यास."

"आई मुलाला वाढणार नाही तर कोणाला वाढेल?" ओप्ताताचा आवाज चिरकला. "हन्नो, तू काय बोलतोयस? मी तुझी आई आहे."

तो तिच्याकडे निरखून बघत होता. ओप्ताताने ती नजर कोळसेवाल्यावर रोखली होती, पंतोजींवर रोखली होती, सुनेवर इतकी वर्षं रोखली होती. आज पहिल्यांदा ती दुसऱ्याच्या डोळ्यांत दिसत होती.

"आधी तू खा," हन्नो म्हणाला.

ओप्ताताने चमचा भरला. थोडी पेज तिच्या मांडीवर सांडली. तिने तोंडात घातली. गळ्यात मोठा आवंढा होता, घास त्याच्याखालून उतरेना. तिने जोर करून गिळला आणि वाटी पुढे केली.

हन्नोने वाटी घेतली नाही. तो तिच्या गळ्याकडे बघत होता, आणि थांबला होता.